घास घशाखाली उतरल्यानंतर

मराठीत जेवणाऱ्या माणसाकडे कर्तेपण असते ते घशापर्यंतच. तो घास घेतो, चावतो, गिळतो, आणि या तिन्ही क्रियांचा कर्ता तो स्वतःच असतो. परंतु घास एकदा खाली उतरला की वाक्याची घडण बदलते, कारण त्यापुढे अन्न पचते, भाकरी त्याला मानवते किंवा बाधते, त्याला ढेकर येते, त्याला भूक लागते, आणि अशा प्रत्येक वाक्यात जेवणारा माणूस कर्त्याच्या पाटावरून उठून ‘त्याला’ या चतुर्थीच्या रूपात बाजूला जाऊन बसतो. ‘पचवणे’ हे प्रयोजक क्रियापद मराठीत आहे खरे, पण ते बहुधा अपमान, दुःख किंवा लाच पचवण्यासाठी राखून ठेवलेले असते. कालच्या पुरणपोळ्या आपण मोठ्या कष्टाने पचवल्या असे सांगणारा माणूस थट्टाच करत असतो. भाषेच्या या वळणापाशी एक जुना तात्त्विक प्रश्न उभा आहे. देहात जे अखंड घडते, ज्यावाचून देह टिकत नाही आणि तरीही जे देहधारी स्वतः करत नाही, त्याचा कर्ता कोण मानायचा?

भगवद्गीतेच्या पंधराव्या अध्यायातील चौदावा श्लोक ही रिकामी जागा सरळ भरून टाकतो. प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन राहणारा आणि प्राण व अपान यांच्या साहाय्याने चार प्रकारचे अन्न पचवणारा आपणच आहोत, असे श्रीकृष्ण तेथे सांगतात. वैश्वानर म्हणजे सर्व नरांच्या ठायी सारखाच असणारा अग्नी. प्राण आणि अपान म्हणजे देहात वर-खाली वावरणारे दोन वायू. या श्लोकाची जागाही लक्षात घेण्याजोगी आहे, कारण त्याच्या लगेच आधीच्या श्लोकात रसरूप सोम होऊन सर्व वनस्पतींना पोसणाराही तोच असल्याचे म्हटले आहे. म्हणजे शेतातले कणीस जो भरतो तोच पुढे पोटात ते जिरवतो, आणि मधल्या टप्प्यावर पेरणारा, दळणारा, रांधणारा व खाणारा माणूस एखाद्या हमालासारखा या हातातून त्या हातात माल पोचवतो. शंकराचार्यांनी भाष्यात हे सूत्र आणखी घट्ट केले आहे. खाणारा तो अग्नी आणि खाल्ले जाते तो सोम, या दोहोंनी मिळून सारे जग झाले आहे असे जो पाहतो, त्याला अन्नाचा दोष लागत नाही, असे ते म्हणतात.

चार प्रकारचे अन्न म्हणजे कोणते, याबद्दल मात्र सर्वांचे एकमत नाही, आणि हा मतभेद मोठा मजेशीर आहे. संस्कृत भाष्यकार अन्नाची वाटणी तोंडाच्या क्रियेवरून करतात: दातांनी फोडून खायचे, नुसते गिळायचे, चाटायचे आणि चोखायचे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, हाच श्लोक मराठीत उलगडताना ही वाटणी बाजूला ठेवली आणि कोरडे, स्निग्ध, नीट शिजलेले व करपलेले असे चार प्रकार सांगितले. पहिली वाटणी ताटावर बसलेल्याची आहे, दुसरी चुलीपुढे बसलेल्याची. करपलेली भाकरीसुद्धा ज्याच्या पोटात जायची आहे त्याच्या घरातले हे वर्गीकरण आहे, आणि त्याच ओघात ज्ञानेश्वर प्राण-अपानांना लोहाराच्या जोडभात्याची उपमा देतात, जो रात्रंदिवस फुंकला जातो आणि पोटातला अग्नी विझू देत नाही.

अग्नीची ही कल्पना केवळ धर्मग्रंथांची नव्हे. संस्कृतातील ‘पच्’ या धातूचा पहिला अर्थ शिजवणे असाच आहे. पाक, पक्व आणि पक्वान्न हे शब्द त्यातूनच आले, आणि मराठीतले ‘पिकणे’ही त्याच कुळातले. ग्रीक भाषेत पचनाला जो ‘पेप्सिस’ हा शब्द होता त्याचाही अर्थ शिजणे, पिकणे आणि पचणे असा तिहेरी होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा व ‘पच्’चा मूळ धातू एकच मानतात. जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर श्वान याने १८३६ मध्ये जठररसातल्या एका द्रव्याला ‘पेप्सिन’ हे नाव दिले ते याच ग्रीक शब्दावरून. त्यामुळे पेप्सिनला मराठी प्रतिशब्द शोधायला निघालेल्याने आधी हे ध्यानात घ्यावे की हा पाहुणा दूरच्या नात्यातला आहे. दुसऱ्या शतकातला वैद्य गॅलन जठराला अन्न ओढून घेणारी, धरून ठेवणारी, बदलणारी आणि पुढे ढकलणारी अशा चार शक्ती देतो, व त्यातल्या बदलणाऱ्या शक्तीचे काम म्हणजे त्याच्या लेखी एक प्रकारचे शिजवणेच असते. चरकसंहितेत तर उपमा थेट स्वयंपाकघरातून येते: खाली असलेला अग्नी आशयातले अन्न शिजवतो, जसा चुलीतला अग्नी भांड्यात पाणी आणि तांदूळ यांचा भात करतो.

या उपमेवर पहिला खरा प्रश्न विचारला तो सुश्रुतसंहितेने. देहातला अग्नी म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो पित्ताहून वेगळा असा कोणी आहे, की पित्त म्हणजेच अग्नी, असा संशय सूत्रस्थानात उघडपणे मांडलेला आहे, आणि उत्तरही तितकेच उघड आहे: पित्ताला वगळून दुसरा कोणताही अग्नी देहात सापडत नाही. जाळणे, शिजवणे ही कामे पित्तच करते म्हणून त्याला अग्नी म्हणायचे, इतकेच. ज्या संस्कृतीत अग्नी ही देवता होती, जिला रोज सकाळ-संध्याकाळ आहुती दिली जात होती, तेथे एका वैद्यकीय ग्रंथाने देवतेचे नाव एका द्रवाला बांधून टाकावे, हे धाडस कमी नाही. नंतरच्या टीकाकारांनी या उत्तराभोवती बरीच सावरासावर केली असली तरी प्रश्न एकदा विचारला गेला तो गेलाच.

आजच्या शरीरशास्त्राने त्या द्रवाचा शोध बराच पुढे नेला आहे. जठर, म्हणजे बरगड्यांच्या खाली डाव्या अंगाला असलेली स्नायूंची पिशवी, रिकामी असताना मिटलेली असते आणि पोटभर जेवणानंतर एक ते दीड लिटर अन्न सहज सामावून घेते. घास अन्ननलिकेतून उतरू लागताच मेंदूकडून आलेल्या एका लांब चेतातंतूच्या इशाऱ्यावर तिचा वरचा भाग आधीच सैल पडतो, जसे दारात पाहुणा दिसताच घरातले लोक सरकून जागा करतात. या पिशवीच्या आतल्या भिंतीतल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात, काही पेप्सिनचे निष्क्रिय रूप स्रवतात, आणि ते निष्क्रिय रूप आम्लात येताच सक्रिय होऊन प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडू लागते. निष्क्रिय रूपात स्रवण्याचे कारण उघड आहे, कारण तसे नसते तर ते ज्या पेशीत तयार होते तिलाच आधी खाऊन टाकते. जठराच्या खालच्या अर्ध्या भागात मिनिटाला साधारण तीन वेळा आकुंचनाची लाट उठते, अन्न खालच्या दाराकडे ढकलते, आणि ते दार एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठा कण सहसा पुढे जाऊ देत नाही. उरलेले सारे मागे फेकले जाते आणि पुढच्या लाटेबरोबर पुन्हा येऊन आदळते. भाकरी-पिठल्याचा एक घास असा कित्येकशे वेळा घुसळला जाऊन पातळ लापशीसारखा होतो. हे सारे सुमारे ३७ अंश सेल्सियसला घडते, म्हणजे ज्या तापमानाला तांदूळ दिवसभर भिजत ठेवला तरी त्याचा भात होणार नाही. शिजवण्याची उपमा येथे अक्षरशः मोडते. जठरात होते ते शिजणे नव्हे, कुटणे आणि आम्लात विरघळणे होय.

हे डोळ्यांनी पाहण्याची संधी एका अपघाताने मिळाली. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण फ्रेंच-कॅनेडियन नावाड्याला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तो वाचला, पण त्याच्या जठराला बाहेरून आत पाहता येईल असे एक भोक कायमचे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट याने १ ऑगस्ट १८२५ रोजी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे, शिळ्या पावाचे आणि कोबीचे तुकडे आत सोडले आणि तासातासाने दोरा ओढून पाहिला; तासाभरात पाव आणि कोबी निम्म्याने विरघळले होते, मांस जवळजवळ तसेच होते. पुढे त्याने जठररस बाहेर काढून काचेच्या कुपीत घेतला, त्यात मांसाचा तुकडा टाकला, कुपी शरीराइतक्या उष्णतेवर ठेवली, आणि मांस तेथेही विरघळले, पोटातल्यापेक्षा बराच अधिक वेळ घेऊन का होईना. १८३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्यूमाँटच्या पुस्तकात अशा दोनशेहून अधिक प्रयोगांची नोंद आहे, आणि चिडलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाच्या जठरात रसाचे स्रवणे कसे बिघडते हेही त्यात आले आहे. आपल्या पोटात दुसऱ्याने दोरे सोडावेत यासाठी वर्षाच्या कराराने बांधला गेलेला हा गरीब माणूस कशाने चिडत असावा, याची त्या डॉक्टराला फारशी चौकशी करावीशी वाटलेली दिसत नाही.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने या साऱ्या प्रयोगांतला मोलाचा पुरावा ती कुपी आहे. तिच्यात प्राण नव्हता, अपान नव्हता, जेवणारा नव्हता, आणि तरी मांस पचले. पचनाला कर्ता लागतोच असे ज्याला वाटत होते त्याने या कुपीला उत्तर दिले पाहिजे.

उत्तराची एक सोपी वाट मराठी वाचकाला चांगली ओळखीची आहे. वैश्वानर म्हणजेच हायड्रोक्लोरिक आम्ल, ग्रहणी म्हणजेच जठराचे खालचे दार, प्राण-अपान म्हणजेच चेतातंतू, असे एकास एक जोडून प्राचीनांना हे सारे आधीच ठाऊक होते असे ठरवायचे, आणि जठर ३७ अंशांवर चालते हे कोणी दाखवून दिले की फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएचा आधार घ्यायचा, ज्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात श्वसन हे एक प्रकारचे संथ ज्वलन असल्याचे दाखवले. म्हणजे अग्नी पोटात नसला तरी पेशीपेशीत निघालाच, आणि आयुर्वेदाने जठराग्नीखेरीज देहाच्या धातूधातूंत वेगळे अग्नी मानलेच होते. हा मेळ वाईट हेतूने घातलेला नसतो, पण त्यात दोन्ही पक्षांचे नुकसान होते. आम्लाला देव म्हटल्याने आम्लाविषयी नवे काही कळत नाही, आणि देवाला आम्ल म्हटले की आम्लता कमी करणारी गोळी घेणे हा अधर्म ठरावा लागेल. उपमा जेथे मोडते तेथे ती मोडली हे मान्य करणेच सुश्रुताच्या प्रश्नाशी इमान राखणारे आहे.

मग गीतेचा श्लोक नेमके काय सांगतो? त्याचा विषय ‘कसे’ हा नसून ‘कोणाचे’ हा आहे, असे मानले तर त्याचा अर्थ लागतो आणि कुपीपुढेही तो टिकतो. अन्न विरघळण्याची रीत ब्यूमाँटने दाखवली. पण ज्या रीतीवर आपला हुकूम चालत नाही तिच्या फळावर, म्हणजे या रक्तामांसावर, आपला हक्क कशाच्या जोरावर सांगायचा, हा प्रश्न कुपीने सुटत नाही, उलट अधिक टोकदार होतो. शरीरशास्त्रही येथे नकळत मदत करते. तोंडापासून गुदद्वारापर्यंतची नळी दोन्ही टोकांना उघडी असल्यामुळे जठरातले अन्न आकाराच्या हिशेबाने अजून देहाबाहेरच असते. जठर स्वतः फारच थोडे शोषून घेते, आणि अन्न रक्तात उतरते ते मुख्यतः पुढच्या लहान आतड्यात. कार्ल श्लाटर या शल्यचिकित्सकाने १८९७ मध्ये झुरिच येथे एका रुग्णाचे संपूर्ण जठर काढून टाकले आणि तो रुग्ण त्यानंतरही जगला. घास ‘माझा’ केव्हा झाला, तोंडात, जठरात की आतड्याच्या भिंतीपलीकडे, याची रेघ ओढायला गेले की ती हातात राहत नाही. छांदोग्य उपनिषद तर ती रेघ आणखी दूर नेते: खाल्लेल्या अन्नाचा स्थूल भाग मळ होतो, मधला मांस होतो आणि सर्वांत सूक्ष्म भाग मन होतो, असे उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो, आणि पटत नाही म्हणून त्याला पंधरा दिवस केवळ पाण्यावर ठेवतो, सोळाव्या दिवशी मुलाला पाठ केलेले वेद आठवत नाहीत, जेवल्यावर आठवतात. म्हणजे ‘हे माझे’ असे म्हणणारे मनही कालच्या भाताचेच झालेले.

यावर एक रोकडा आक्षेप येतो, आणि ज्ञानेश्वरांनी तो याच ठिकाणी स्वतःहून पुढे आणला आहे: सर्वांत एकच आहे तर काही प्राणी सुखी आणि काही दुःखाने पिडलेले का? पोटापुरते बोलायचे तर, पचवणारा जर सर्वत्र तोच, तर अजीर्ण कोणाचे? वैद्याचे उत्तर येथे उपयोगी पडते. ‘मला अजीर्ण झाले’ असे सांगत आलेल्या रोग्याला वैद्य पहिला प्रश्न विचारतो तो ‘काय खाल्लंत?’ हा, आणि त्या एका प्रश्नाने चतुर्थीत जाऊन बसलेला माणूस पुन्हा कर्त्याच्या जागी ओढून आणला जातो. किती, केव्हा, काय आणि कोणाबरोबर, हे घशाच्या अलीकडचे सारे त्याचेच. पलीकडचे त्याचे नाही.

ही सीमा ओळखून तिच्यावरच एक विधी उभारला गेला, तो प्राणाग्निहोत्र. छांदोग्यात सहा विद्वान गृहस्थ अश्वपती कैकेय या राजाकडे वैश्वानर म्हणजे काय ते विचारायला जातात. प्रत्येकाने आकाश, सूर्य, वारा असा एकेक तुकडा पूर्ण समजून भजलेला असतो, आणि राजा त्यांना तो एकच पुरुष जेवणाऱ्याच्या देहात दाखवतो, ज्याची छाती ही वेदी आणि तोंड हा आहुतीचा अग्नी. त्या विधीचा महाराष्ट्रात उरलेला अवशेष म्हणजे ताटाभोवती फिरवलेले पाणी, ताटाशेजारी मांडलेल्या चित्राहुतींची चार शिते, तळहातावरच्या पाण्याची आपोष्णी, आणि मग तूप-भाताचे पाच इवलेसे घास, जे प्राण, अपान, व्यान, उदान आणि समान यांच्या नावाने दाताला न लावता गिळायचे असतात. दाताला न लावण्याचा हा संकेत फार सूचक आहे. चावणे ही खाणाऱ्याची क्रिया. ती पाच घासांपुरती सोडून दिली की हातातून सुटलेली आहुती आणि घशाखाली उतरलेला घास यांत फरक उरत नाही.

त्याच उपनिषदात पुढे असेही म्हटले आहे की हे जाणणाऱ्याने आपले उष्टे चांडाळाला दिले तरी ती वैश्वानरालाच दिलेली आहुती ठरते, आणि भुकेली मुले आईभोवती बसावीत तसे सर्व प्राणी या अग्निहोत्राभोवती बसलेले असतात. वाक्य उदार आहे, पण त्यात चांडाळाच्या वाट्याला उष्टेच आले आहे हे नजरेआड करता येत नाही. रोज पाच प्राणांना आहुती देणाऱ्या पंगतींनीच शतकानुशतके पंक्तिभेद पाळला, सर्वांच्या पोटात एकच अग्नी मानून प्रत्येकाच्या पानाची जागा मात्र वेगळी ठेवली, आणि शंकराचार्यांनी जो अन्नदोष लागत नाही म्हटले होते तो नेमका शेजारच्याच्या स्पर्शाने लागू लागला. पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न ब्राह्मणांच्या आधी अस्पृश्यांना जेवू घातल्याची जी कथा चरित्रकार सांगतात, तिचे बळ येथे आहे; वैश्वानर हा शब्द त्या एका पंगतीपुरता तरी खरा धरला गेला.

वैश्वानराच्या कल्पनेला सर्वांत कठीण जागी भिडणारे निरीक्षण मात्र पंगतीतले नसून शवागारातले आहे. जॉन हंटर या ब्रिटिश शल्यवैद्याने १७७२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे असे मांडले की जेवून थोड्याच वेळात अकस्मात मेलेल्या माणसांच्या देहात कधीकधी जठराची भिंतच विरघळलेली सापडते. जो रस आयुष्यभर मांस पचवत आला त्याने मांसाच्याच पिशवीला जिवंतपणी हात का लावला नाही, याचे कारण हंटरला जीवतत्त्वात दिसले: सजीवाला पचवता येत नाही. हे उत्तर ऐकायला इतके गोड होते की ते खरेच असावे असे वाटते. पण फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने जिवंत बेडकाचा पाय एका कुत्र्याच्या जठरात सोडला, आणि बेडूक जिवंत असतानाच त्याचा पाय पचला. जठराला वाचवते ते जीवन या नावाचे कवच नव्हे, तर आतल्या भिंतीवर सतत पसरणारा, आम्ल मारणारा चिकट थर आणि काही दिवसांतच झिजून पुन्हा नव्याने येणाऱ्या अस्तराच्या पेशी. हे काम थांबले की संरक्षणही थांबते. तैत्तिरीय उपनिषदात ब्रह्मज्ञानी आनंदाने गात सुटतो की तो अन्न आहे आणि अन्न खाणाराही आहे. हंटरच्या टेबलावर हे दोन्ही एकाच अवयवात एकत्र आलेले होते, गाण्याविना.

बृहदारण्यक उपनिषद म्हणते की माणसाच्या आत असून अन्न पचवणारा तो अग्नी म्हणजे वैश्वानर, कान झाकल्यावर जो घोष ऐकू येतो तो त्याचाच, आणि जाण्याच्या बेतात असलेल्याला तो ऐकू येत नाही. कानात बोटे घातल्यावर येणारा तो आवाज मुख्यतः त्या बोटांच्या आणि हाताच्या स्नायूंच्या बारीक थरथरण्याचा असतो, म्हणजे घास उचलणाऱ्या हाताचाच. तो हात निपचित पडला की घोष थांबतो. जठरातला रस मात्र त्यानंतरही काही काळ तेथेच असतो, आणि ज्या भिंतीने त्याला स्रवले तिच्यावरच त्याचे काम सुरू होते.